बदल्यात काय द्यावे? : अमेरिका आणि चीन यांच्या व्यवहाराच्या इतिहासास प्रस्तावना

दोन राष्ट्रांच्या संबंधांचा इतिहास लिहू पाहणारा लेखक सामान्यतः वकिलातींच्या दफ्तरखान्यातून आपल्या कामास आरंभ करतो. तहनामे, खलिते, राजदूतांच्या नेमणुका आणि परराष्ट्रमंत्र्यांची निवेदने यांच्या आधारे तो कथानक उभे करतो आणि व्यापाराला शेवटी एखादे स्वतंत्र प्रकरण देऊन त्याची बोळवण करतो. अमेरिका आणि चीन यांच्या बाबतीत हा क्रम उलटा लावावा लागतो. तेथे व्यापारी आधी गेला आणि तहाची बोलणी करणारा वकील त्याच्यामागून साठ वर्षांनी गेला : पहिले अमेरिकी जहाज कँटनच्या नदीत १७८४ साली शिरले, उभय राष्ट्रांमधील पहिला तह १८४४ साली झाला. या मधल्या साठ वर्षांत वखारीच्या ओसरीवर, तराजूपुढे आणि हिशेबाच्या चोपड्यांत ज्या अपेक्षा, जे आदर आणि जे ग्रह रुजले, त्यांच्याच पायावर पुढची सारी मुत्सद्देगिरी रचली गेली. आणि त्या चोपड्यांत पहिल्या दिवसापासून जो प्रश्न अनिर्णित राहिला तो असा, की चीनकडून हवे असलेले तर पुष्कळ आहे, परंतु त्याच्या बदल्यात चीनला द्यावे काय? प्रस्तुत पुस्तक या एका प्रश्नाचा मागोवा घेते. चांदी, अफू, रॉकेल, शिक्षण, सोयाबीन, विमाने, सरकारी कर्जरोखे अशी त्याची उत्तरे कालमानाप्रमाणे बदलत गेली. आणि ज्या ज्या वेळी समाधानकारक उत्तर हाती लागले नाही त्या त्या वेळी व्यापाऱ्याच्या गाऱ्हाण्याने राजकारणाचे रूप घेतले, असे माझे प्रतिपादन आहे.

स्वातंत्र्ययुद्ध संपले तेव्हा अमेरिकेची संयुक्त संस्थाने हे कर्जबाजारी, नाणेटंचाईने गांजलेले आणि जुन्या बाजारपेठांना मुकलेले राष्ट्र होते. ब्रिटिश छत्राखाली वेस्ट इंडीजच्या बेटांशी चालणारा त्यांचा व्यापार साम्राज्याबाहेर पडताच अडला. चहाची तलफ मात्र कायम राहिली. १७७३ च्या डिसेंबरात बोस्टनच्या बंदरात ज्या पेट्या पाण्यात लोटल्या गेल्या त्यांतला चहा चीनचाच होता, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्त्यातून खरोखर सुटावयाचे तर तो जेथे पिकतो तेथूनच आणला पाहिजे, हे न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया येथील सावकारांनी ताडले. युद्धकाळात राष्ट्राच्या खजिन्याचा भार ज्याने वाहिला त्या रॉबर्ट मॉरिसच्या आणि त्याच्या भागीदारांच्या भांडवलावर ‘एम्प्रेस ऑफ चायना’ हे सुमारे ३६० टनांचे जहाज २२ फेब्रुवारी १७८४ रोजी न्यूयॉर्कहून निघाले. कप्तान होता जॉन ग्रीन. मालाच्या खरेदी-विक्रीची मुखत्यारी होती सॅम्युअल शॉ या, तोफखान्यात लढलेल्या तरुण अधिकाऱ्याकडे. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून आणि सुंदाची सामुद्रधुनी ओलांडून ते २८ ऑगस्टला कँटनखालच्या व्हांपोआच्या नांगरवाड्यात पोहोचले.

शॉने आपल्या रोजनिशीत जे नमूद केले आहे त्यातील एक गोष्ट मला या साऱ्या इतिहासाची किल्ली वाटते. इंग्रजी बोलणारे परंतु इंग्रज नसलेले हे लोक कोण, याचा उलगडा चिनी व्यापाऱ्यांना प्रथम होईना. तेव्हा नकाशा उलगडून आपल्या देशाचा विस्तार आणि वाढती लोकसंख्या त्यांना दाखविण्यात आली, आणि एवढी मोठी गिऱ्हाइकी आपल्या मालाला लाभणार या विचाराने त्या व्यापाऱ्यांस आनंद झाला. चीनच्या कोट्यवधी लोकांना आपला माल विकण्याचे स्वप्न अमेरिकेने पुढे पिढ्यान् पिढ्या पाहिले, हे सर्वश्रुत आहे. परंतु पहिल्या भेटीत, नकाशावर बोट फिरवून, बाजारपेठ म्हणून ज्याची मापे घेतली गेली तो देश अमेरिका होता. एकविसाव्या शतकातील आयात-निर्यातीचे तक्ते वाचताना या प्रसंगाचे विस्मरण होऊ देऊ नये.

जहाजावर मुख्य माल होता तो जिनसेंगचा, सुमारे तीस टन. अॅपलेशियन पर्वतराजीतील सावलीच्या जंगलात आपोआप वाढणारे हे मूळ चीनमध्ये बलवर्धक औषध म्हणून सोन्याच्या मोलाचे मानले जाई. उत्तर अमेरिकेतही ते उगवते हे १७१६ साली लाफितो नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने मॉन्ट्रियलजवळच्या मूळ रहिवाशांच्या साहाय्याने शोधून काढले होते. त्याशिवाय शिसे, लोकरी कापड, फरची कातडी आणि रोख चांदी असा भरणा होता. परतीच्या वाटेवर चहा, नानकिनी सुती कापड, रेशीम आणि चिनी मातीची भांडी घेऊन जहाज ११ मे १७८५ रोजी न्यूयॉर्कला लागले आणि भांडवलावर शेकडा पंचवीसच्या आसपास नफा झाला. पण एकट्या जिनसेंगवर पुढील जहाजांचा निभाव लागणे शक्य नव्हते. माल वाढताच कँटनमधला भाव कोसळला, आणि अमेरिकी व्यापारी दुसरे काही तरी शोधण्याच्या मागे लागला.

या शोधाची कथा मोठी विस्मयकारक आणि तितकीच खेदजनक आहे. वायव्य किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांकडून समुद्री ऑटरची कातडी लोखंड आणि तांब्याच्या वस्तू देऊन घ्यावी, ती कँटनला विकावी आणि चहा भरून घरी परतावे, हा मार्ग बोस्टनच्या ‘कोलंबिया’ या जहाजाने १७८७ ते १७९० च्या पृथ्वीप्रदक्षिणेत रूढ केला. ऑटर दुर्मीळ झाला तेव्हा दक्षिण महासागरातील ओसाड बेटांवरील सीलांची कत्तल सुरू झाली. सील संपत आले तेव्हा हवाईच्या डोंगरांवरील चंदनाकडे लक्ष गेले, आणि तेथील सरदारांनी विलायती चिजांसाठी काढलेल्या कर्जाच्या फेडीत रयतेला रानांत राबवून १८३० च्या सुमारास ते चंदनही जवळजवळ निःशेष केले. चहाच्या एका पेल्यापायी पृथ्वीच्या पाठीवरील किती किनारे उजाड झाले याचा विचार अर्थशास्त्राच्या ग्रंथांत क्वचितच आढळतो. तो या पुस्तकात दोन प्रकरणे व्यापतो, कारण व्यापाराच्या तुटीची किंमत नेहमी ती तूट असलेल्या राष्ट्रालाच मोजावी लागते असे नाही.

हे सर्व करूनही हिशेब जुळत नसे, आणि अंतर भरून काढावयास शेवटी चांदीच द्यावी लागे. १७५७ पासून चिंग दरबाराने पाश्चात्त्यांचा सागरी व्यापार एकट्या कँटन बंदरापुरता मर्यादित केला होता. नदीकाठच्या तेरा वखारींच्या चिंचोळ्या पट्ट्यात परदेशी व्यापाऱ्याने मोसमापुरते राहावे, मोसम सरताच मकावला जावे, बायका बरोबर आणू नयेत, शहराच्या तटाआत पाऊल टाकू नये, आणि दरबारने नेमून दिलेल्या ‘हाँग’ व्यापाऱ्यांखेरीज अन्य कोणाशी घाऊक व्यवहार करू नये, असे दंडक होते. परदेशी माणसाच्या वर्तनाला आणि त्याच्या जकातीला हाँग व्यापारीच जामीन असे. या वखारीत मोसमाच्या दिवसांत जे दृश्य दिसे त्यात सराफाची जागा विशेष मोलाची होती. मेक्सिकोच्या खाणींतील चांदीचे स्पॅनिश डॉलर पिंपांतून ओतले जात. सराफ एकेक नाणे बोटांवर तोलून, वाजवून, कडा न्याहाळून घेई आणि खरे ठरलेल्या नाण्यावर आपल्या पेढीचा ठसा मारी. असे ठसे मारता मारता काही वर्षांत नाण्यावरील स्पॅनिश राजाचा चेहरा ओळखू येईनासा होई, नाणे वाटीसारखे खोलगट होई, आणि पुढे ते केवळ वजनावर चाले. राजाच्या मुद्रेपेक्षा पेढीच्या ठशावर जेथे विश्वास बसतो तेथे व्यापारी हाच खरा वकील असतो.

असा वकील म्हणून वू बिंगजिआन, ज्याला परदेशी लोक हौक्वा म्हणत, त्याचे नाव अग्रभागी येते. १७६९ साली जन्मलेल्या या कृश देहाच्या, मितभाषी गृहस्थाची संपत्ती १८३४ मध्ये दोन कोटी साठ लाख डॉलर अंदाजली गेली होती. त्याच्या नावाचा शिक्का असलेली चहाची पेटी न्यूयॉर्क-बोस्टनच्या बाजारात उघडून पाहण्याचीही गरज भासत नसे. एका बोस्टनकराने व्यापारात बुडून बहात्तर हजार डॉलरचे देणे अंगावर घेतले आणि घरी परतण्याचा मार्ग खुंटला, तेव्हा हौक्वाने त्याचा दस्तऐवज त्याच्यासमोर फाडून त्याला ऋणमुक्त केले, अशी कथा कँटनच्या जुन्या अमेरिकी व्यापाऱ्यांत सांगितली जाई. या कथेपेक्षाही मला जी वस्तुस्थिती अर्थपूर्ण वाटते ती वेगळी आहे. जॉन मरे फोर्ब्स या बोस्टनच्या तरुणावर हौक्वाने पुत्रवत लोभ ठेवला, आपला पत्रव्यवहार आणि माल त्याच्या हाती सोपविला, आणि पुढे त्याच्यामार्फत आपली बरीच रक्कम अमेरिकेत गुंतविली. तोच फोर्ब्स मायदेशी रेल्वेमार्गांचा मोठा भांडवलदार झाला. चहा विकून मिळालेले चिनी धन अमेरिकी रुळांच्या उभारणीला लागले, आणि तेही कोणत्याही तहाविना, केवळ दोन माणसांच्या शब्दावर.

हे चित्र येथेच थांबविता आले असते तर बरे झाले असते. पण चांदीचा ओघ उलट दिशेला वळविण्यास जी वस्तू समर्थ ठरली ती अफू होय, आणि या पापात इंग्रजांच्या खालोखाल अमेरिकी व्यापारीही भागीदार होते. बंगालच्या अफूवर कंपनीचा मक्ता असल्यामुळे त्यांनी तुर्कस्तानातील स्मिर्ना बंदरातून अफू नेण्यास प्रारंभ केला. रसेल आणि कंपनी ही त्यांची सर्वांत मोठी पेढी या धंद्यात अग्रेसर होती, आणि तिच्या भागीदारांपैकी वॉरन डेलॅनो हा पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्टचा मातामह होता. ऑलिफंट आणि कंपनी या एका पेढीने मात्र धर्मबुद्धीने अफूला स्पर्श केला नाही, हेही नमूद केले पाहिजे. मराठी वाचकाला या ठिकाणी परक्याच्या घरचा इतिहास वाचतो आहोत असे मानण्याची मुभा नाही. माळव्याची अफू मुंबई बंदरातून कँटनला जात होती. जमशेटजी जीजीभाईंसारख्या मुंबईकर पेढीवाल्यांच्या वैभवाचा, आणि म्हणून मुंबईच्या कित्येक लोकोपयोगी वास्तूंचाही, त्या व्यापाराशी निकटचा संबंध होता. १८३९ मध्ये लिन झेशू या कर्तव्यकठोर आयुक्ताने वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून हूमेनच्या किनाऱ्यावर त्यांचा नाश केला, त्यांत माळव्याचा माल होता. आणि त्यातून उद्भवलेल्या युद्धाची अखेर करणारा नानकिंगचा तह २९ ऑगस्ट १८४२ रोजी ज्या ‘कॉर्नवॉलिस’ युद्धनौकेवर झाला, ती वाडिया घराण्याच्या कारागिरांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानातून बांधलेली होती.

युद्ध इंग्रजांनी केले; लाभ सर्वांना झाला. इंग्रज व्यापारी कँटन सोडून गेले असता अमेरिकी पेढ्यांनी तेथे ठाण मांडून त्यांचाही माल भरघोस अडतीवर वाहिला, आणि युद्ध आटोपल्यावर राष्ट्राध्यक्ष टायलरने मॅसॅच्युसेट्सच्या केलेब कुशिंगला तहाच्या कामगिरीवर धाडले. पेकिंगला जाऊन बादशहाची भेट घेण्याचा आग्रह कुशिंगने इतक्या चिकाटीने धरला, की ती भेट टळावी म्हणूनच चीयिंग हा मंचू मुत्सद्दी अन्य बाबतींत उदार झाला. मकावच्या तटाबाहेरील वांगशिया या खेड्यात, करुणेची देवता कुआन-यिन हिच्या मंदिराच्या आवारात, ३ जुलै १८४४ रोजी तहावर सह्या झाल्या. पीटर पार्कर हा डॉक्टर-मिशनरी आणि ब्रिजमन हा पाद्री दुभाष्याचे काम करीत होते. या तहाने अमेरिकनाला काय मिळाले? जे अन्य राष्ट्राला मिळेल ते आपोआप. चिनी भाषा शिकण्याचा आणि ग्रंथ विकत घेण्याचा हक्क, जो कँटनच्या जुन्या अमलात नाकारलेला होता. रुग्णालये आणि प्रार्थनामंदिरे बांधण्याची परवानगी. आणि चीनच्या भूमीवर गुन्हा केला तरी आपल्याच वकिलापुढे चौकशी होण्याची सवलत. अफूचा चोरटा व्यापार करणाऱ्या अमेरिकनाला सरकारचे संरक्षण मिळणार नाही असेही एक कलम होते, जे कागदावर स्वच्छ आणि व्यवहारात निर्जीव राहिले. तोफ न डागता तोफेची फळे घेण्याच्या या रीतीमुळे अमेरिकेला आपण चीनचे निःस्वार्थ मित्र आहोत असे प्रामाणिकपणे वाटू लागले. चिनी दरबाराने तिच्याकडे पाहिले ते इतर परकीयांवर वचक ठेवण्यास उपयोगी पडेल असा त्यातल्या त्यात सौम्य परकी म्हणून. एवढ्या भिन्न समजुतींवर उभी राहिलेली मैत्री पहिल्या कसोटीला उतरेल अशी अपेक्षा करणेच चूक होते.

ती कसोटी मालाने आणली नाही, माणसांनी आणली. कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची वार्ता कानी पडताच पर्ल नदीच्या मुखाकडील दारिद्र्याने आणि दंगलींनी पिडलेल्या तालुक्यांतून हजारो तरुण ‘सोन्याच्या डोंगरा’कडे निघाले. सिएरा नेवाडाच्या कणखर दगडातून सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचे बोगदे ज्यांनी सुरुंगांनी फोडले, हिमाच्या कड्यांखाली जे गाडले गेले, ते बहुसंख्य मजूर चिनी होते; गोऱ्या मजुराहून त्यांना वेतन कमी, आणि अन्नखर्च त्यांचा त्यांनी करावयाचा. या काळात, १८६८ मध्ये, एक असाधारण तह झाला. पेकिंगमधील अमेरिकी वकील अँसन बर्लिंगेम आपले पद सोडून चीनचाच राजदूत बनून वॉशिंग्टनला आला, आणि मनुष्याला आपले वसतिस्थान आणि राजनिष्ठा बदलण्याचा उपजत हक्क आहे हे तत्त्व त्याने तहाच्या कलमात लिहवून घेतले. चौदा वर्षे लोटली नाहीत तोच, ६ मे १८८२ रोजी, चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा अमेरिकेत संमत झाला. १८८५ मध्ये वायोमिंगमधील रॉक स्प्रिंग्जच्या कोळसाखाणीवर गोऱ्या जमावाने अठ्ठावीस चिनी कामगारांस ठार केले. भरपाई दिली गेली, पण शिक्षा कोणालाही झाली नाही.

बंदीचा कायदा कसा राबविला जाई हे सॅनफ्रान्सिस्कोच्या खाडीतील एंजल बेटावर १९१० पासून तीस वर्षे पाहावयास मिळे. व्यापारी, विद्यार्थी आणि अमेरिकी नागरिकांची मुले यांना प्रवेशास मोकळीक होती. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत शहराचे जन्मदाखले जळून गेल्यामुळे अनेकांनी आपला जन्म तेथलाच असल्याचा दावा केला आणि कागदोपत्री पुत्रांची एक पिढी निर्माण झाली. अधिकारी मग पोरसवदा मुलाला तासन् तास उलटतपासणीला बसवीत : तुझ्या घराच्या दाराला पायऱ्या किती, विहीर कोणत्या बाजूला, गल्लीतील तिसऱ्या घरात कोण राहते, तुझ्या आजीचे पाय बांधलेले होते काय? हीच उत्तरे बापाकडून वेगळी वदवून घेऊन पडताळली जात आणि एका पायरीच्या फरकाने मुलाची रवानगी परत चीनला होई. ही मुले जहाजावर शिकवणीचे कागद पाठ करून ते बंदर येण्यापूर्वी समुद्रात फेकून देत. बराकीच्या लाकडी भिंतींवर त्यांनी कोरलेल्या कविता आजही वाचता येतात. अमेरिकेच्या चीनविषयक धोरणाचा कोणताही ग्रंथ मी वाचतो तेव्हा त्यात या बेटाला किती पाने दिली आहेत हे मी आधी पाहतो.

कारण प्रवेशबंदीचा हा कायदा अमलात असतानाच, १८९९ आणि १९०० मध्ये, परराष्ट्रमंत्री जॉन हे याने युरोपीय सत्तांना आणि जपानला सुप्रसिद्ध खलिते पाठवून चीनमध्ये सर्वांच्या व्यापाराला समान वाव असावा आणि त्या देशाचे तुकडे पडू नयेत अशी मागणी केली होती. चीनचे दार आपल्या मालासाठी उघडे राहावे आणि आपले दार चिनी माणसासाठी बंद असावे, या विसंगतीला उत्तर चिनी व्यापाऱ्यांनीच दिले. १९०५ मध्ये शांघायच्या पेढीवाल्यांनी अमेरिकी मालावर बहिष्कार पुकारला; कापड, पीठ, रॉकेल, सिगारेट यांची उचल थांबली आणि कँटनपर्यंत हे लोण पोहोचले. त्याच वर्षी वंगभंगाच्या निमित्ताने आपल्याकडे स्वदेशी आणि बहिष्काराची चळवळ पेटली, हा योगायोग असेल. पण बाजारपेठ हेच निःशस्त्राचे शस्त्र आहे हे ज्ञान आशियात एकाच वेळी दोन ठिकाणी प्रकट झाले खरे. बॉक्सर उठावानंतर चीनवर लादलेल्या पंचेचाळीस कोटी टेल दंडातील आपल्या हिश्शाचा प्रत्यक्ष नुकसानीहून अधिक असलेला भाग अमेरिकेने १९०८ मध्ये सोडून दिला, त्यामागे चीनचा वकील लिआंग चेंग याची चिकाटी जशी होती तशीच या बहिष्काराची धगही होती. त्या रकमेतून चिनी विद्यार्थ्यांना अमेरिकेत पाठविण्याची योजना निघाली, १९११ साली पेकिंगमध्ये त्सिंगह्वा ही शाळा उघडली, आणि हू शी यांच्यासारखे विद्वान त्यातून घडले. बदल्यात काय द्यावे या प्रश्नाला अमेरिकेने दिलेल्या उत्तरांत शिक्षण हे मला सर्वांत टिकाऊ उत्तर वाटते. परंतु तो पैसा मुळात चीनचाच होता, हे विसरून त्याचे गुणगान करणे न्याय्य नव्हे.

चांदीचा प्रश्न पुन्हा एकदा, अगदी अनपेक्षित रीतीने, १९३४ मध्ये पुढे आला. मंदीच्या काळात पश्चिमेकडील खाणवाल्या राज्यांच्या सिनेटरांस खूश ठेवण्यासाठी अमेरिकी सरकारने चढ्या भावाने चांदी विकत घेण्याचा कायदा केला. चीनचे चलन तेव्हा चांदीवर आधारलेले होते. भाव चढताच तेथील चांदी जहाजे भरभरून बाहेर गेली, पतपुरवठा आटला, शांघायच्या पेढ्या बुडू लागल्या आणि नोव्हेंबर १९३५ मध्ये चीनला चांदीचे चलनच सोडावे लागले. नेवाडातील मतांच्या गणिताने यांगत्सेच्या खोऱ्यातील शेतकऱ्याचे धान्य स्वस्त झाले. यात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता, आणि म्हणूनच हा प्रसंग परराष्ट्रनीतीच्या अभ्यासकाने बारकाईने तपासण्याजोगा आहे.

पुढील घडामोडी वाचकांच्या अधिक परिचयाच्या असल्याने येथे त्यांचा धावता निर्देश पुरे. जपानविरुद्धच्या युद्धात मित्र झाल्यावर १९४३ च्या जानेवारीत अमेरिकेने वांगशियापासून चालत आलेला परक्षेत्रीय न्यायाधिकार सोडला आणि डिसेंबरात प्रवेशबंदीचा कायदा रद्द केला, जरी वर्षाला अवघ्या १०५ चिन्यांनाच प्रवेश दिला गेला. १९४९ ची क्रांती, १९५० चे कोरियातील युद्ध, आणि त्या डिसेंबरात अमेरिकेने घातलेली संपूर्ण व्यापारबंदी, यांमुळे वीस वर्षे उभयतांत वॉर्सा येथील वकिलांच्या तुटक बोलण्यांपलीकडे काही उरले नाही. एप्रिल १९७१ मध्ये टेबलटेनिसपटूंना पेकिंगचे आमंत्रण आले. जुलैत किसिंजर पाकिस्तानमार्गे गुप्तपणे तेथे जाऊन आले. आणि निक्सन यांच्या भेटीअखेर २८ फेब्रुवारी १९७२ रोजी शांघायचे निवेदन प्रसिद्ध झाले. हा गुप्त मार्ग रावळपिंडीतून गेला, त्याच वेळी पूर्व बंगालचे लक्षावधी निर्वासित आपल्या सीमेत येत होते, आणि ऑगस्टमध्ये भारताने सोव्हिएत रशियाशी मैत्रीचा करार केला : या तीन गोष्टी एकत्र ठेवूनच वाचाव्या लागतात. शांघायच्या निवेदनात तैवानच्या प्रश्नावर दोन्ही पक्षांनी आपापले म्हणणे स्वतंत्रपणे मांडले, आणि मतभेद झाकण्याऐवजी लिहून काढले. आंतरराष्ट्रीय दस्तऐवजांत इतका प्रांजळ मसुदा मला दुसरा आढळलेला नाही.

१ जानेवारी १९७९ रोजी राजनैतिक संबंध पूर्ववत् झाले, ११ डिसेंबर २००१ रोजी चीन जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला, आणि कँटनच्या वखारीतील जुना प्रश्न अवाढव्य आकारात परत उभा राहिला. २०१८ मध्ये अमेरिकेची चीनशी वस्तुव्यापारातील तूट चारशे अब्ज डॉलरांच्या वर गेली होती. या तुटीच्या बदल्यात चीनने स्वीकारले ते मुख्यतः अमेरिकी सरकारचे कर्जरोखे. २०१३ च्या सुमारास असे रोखे तेराशे अब्ज डॉलरांपर्यंत त्याच्या हाती होते. हौक्वाने रेल्वेत पैसा गुंतविला तो फोर्ब्सच्या शब्दावर. चीनच्या मध्यवर्ती बँकेने गुंतविला तो एका सरकारच्या पतीवर, ज्या सरकारशी तिचे सरकार दक्षिण चिनी समुद्रात आणि तैवानच्या सामुद्रधुनीत मुकाबला करीत होते. ओहायो, नॉर्थ कॅरोलिना येथील फर्निचरच्या आणि कापडाच्या गावांतून जे कारखाने बंद पडले, तेथील कामगारांच्या संतापाला मी तुच्छ लेखत नाही. त्या संतापाला वॉशिंग्टनमधील दोन्ही पक्षांनी फार उशिरा कान दिला, आणि दिला तेव्हा तो जकातीच्या रूपाने दिला. ६ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या जकातयुद्धात चीनने सोयाबीन आणि डुकराचे मांस यांच्याबरोबर विस्कॉन्सिनच्या शेतकऱ्यांनी लावलेल्या जिनसेंगवरही कर बसविला. १५ जानेवारी २०२० च्या करारात दोन वर्षांत दोनशे अब्ज डॉलरांची जादा खरेदी करण्याचे वचन चीनने दिले, आणि ते पुरे झाले नाही. एप्रिल २०२५ मध्ये तर परस्परांवरील जकात शंभर टक्क्यांच्या पुष्कळ पुढे गेली आणि पुढच्याच महिन्यात जिनिव्हाच्या बोलण्यांत ती खाली आणावी लागली. एवढ्या अवधीत हे स्पष्ट झाले की, दुर्मीळ मृदा-धातू आणि त्यांची चुंबके रोखण्याची ताकद चीनकडे आहे आणि अतिसूक्ष्म चिप व ती बनविणारी यंत्रे रोखण्याची अमेरिकेकडे. चीनला खरोखर हवी असलेली वस्तू अखेर अमेरिकेपाशी आहे, आणि नेमकी तीच विकावयास ती तयार नाही. अडीच शतकांतील ही नवी अवस्था आहे, आणि जुन्या व्यापारशास्त्राच्या आधारे तिचे निदान होईल असे मला वाटत नाही.

मराठीत चीनसंबंधी जे लेखन झाले त्यावर १९६२ च्या युद्धाची गडद छाया आहे, आणि ते साहजिकही आहे. परंतु आपल्या सीमेवरील शेजाऱ्याला केवळ आपल्याशी असलेल्या वैराच्या द्वारे ओळखणे पुरेसे नाही. तो जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राशी कसा बोलतो, कोठे नमते घेतो, कोणत्या अपमानाची आठवण शंभर वर्षे जपतो, हे जाणणे आपल्या हिताचे आहे. या हेतूने पुस्तकाचा निम्म्याहून अधिक भाग मी १९४९ पूर्वीच्या काळाला दिला असून त्याबद्दल अर्थशास्त्राच्या अभ्यासकांचा रोष पत्करण्यास मी तयार आहे. चिनी नावे जेथे मराठी वाचकाच्या कानांवर जुन्या रूपात बसली आहेत तेथे ती तशीच ठेवली आहेत. वांगशियाचा तह, बर्लिंगेमचा तह आणि शांघायचे निवेदन यांचा मराठी तर्जुमा शेवटी जोडला आहे. वाचकाने पहिल्या प्रकरणास हात घालण्यापूर्वी वांगशियाच्या तहातील दुसरे, अठरावे, एकविसावे आणि तेहेतिसावे ही चार कलमे वाचून घ्यावीत; समान सवलती, भाषा शिकण्याचा हक्क, स्वतःचे न्यायालय आणि निषिद्ध माल यांविषयीची ती कलमे पुढील प्रत्येक वादात या ना त्या रूपाने पुन्हा भेटतील.